जसंच्या तसं ठेवलेलं घर

आधीच सांगते, ही थाप नाही.

घरात मला सगळे थापाडी म्हणतात. आहेच मी. मांजराएवढा उंदीर पाहिला तर वासराएवढा करून सांगते. त्याशिवाय पोरं ऐकत नाहीत. पण आज मीठमसाला लावणार नाही. जे घडलं तेच पुरे आहे.

बरंचसं माझ्या भाचसुनेच्या तोंडून ऐकलेलं आहे. शेवटचं मात्र मी या डोळ्यांनी पाहिलं.

आणि हो, भूत म्हटलं की लोकांना मध्यरात्र लागते, कुत्र्यांचं रडणं लागतं. इथे तसलं काही नाही.

हा ऑफिस सुटल्यावर यायचा. दिवेलागणीला. अगदी वेळेवर.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. खाली कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्याचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम गरम वाफेचा वास. दार उघडलं की बसायची खोली, तिच्याच कोपऱ्यात ओटा. आत झोपायची खोली. संपलं घर.

तो माझ्या बहिणीचा मुलगा. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबूच म्हणायचे. लग्नाच्या निम्म्या फोटोंत त्याचं डोकंच आलेलं नाही. तो आणि भाचसून एकाच ऑफिसात कामाला. कपडे विणायच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर बनवायची दोघं.

"म्हणजे माझ्या पोटावर पाय," स्वेटर विणून विकणारी मी म्हणायचे.

"मावशी, तुझ्या सुयांपुढे आमची यंत्रं हात टेकतात गं," तो म्हणायचा. लाघवी मेला...

आता हा शब्द तोंडातून निघाला की जीभ चावते मी.

त्यांच्या कामाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घाबरू नका, मला कळलंय म्हणजे तुम्हाला कळेलच.

सॉफ्टवेअर म्हणे एकसंध नसतं. हजारो बारीक तुकडे असतात. प्रत्येक तुकडा कॉम्प्युटरला समजेल असा बनवायचा आणि मग सगळे जोडायचे. याला ती पोरं बिल्ड म्हणतात. एखादा तुकडा बदलला तर तेवढाच पुन्हा बनवायचा, बाकीचे जुने तसेच उचलायचे. स्वेटरची बाही बिघडली तर आपण बाहीच उसवतो ना? अख्खा स्वेटर कोण उसवतं?

त्यांचा कॉम्प्युटर उसवायचा.

का, तर सेटिंगची एक फाइल होती. कुठलं यंत्र, कुठला धागा, काय चालू, काय बंद, ते सगळं त्यात. ती फाइल दर बिल्डला नव्याने लिहिली जायची. आत अक्षर न् अक्षर तेच. पण वर तारीख-वेळ ताजी. कॉम्प्युटर आतलं वाचत बसत नाही, वरची तारीख बघतो. ताजी दिसली की म्हणणार, अरे, सगळंच बदललं! आणि हजारो तुकडे पुन्हा पहिल्यापासून. एवढ्याशा दुरुस्तीला अर्धा दिवस. लोक चहाला जायचे, परत यायचे, आणि पुन्हा चहाला जायचे.

लंबूने त्यावर तोड काढली. नवी सेटिंग लिहायच्या आधी जुनीशी ताडून बघायची. तंतोतंत जुळली तर फाइलला हातच लावायचा नाही. मग तारीख जुनीच राहते, आणि जे खरंच बदललंय तेवढंच बनतं.

वर खोडी काय केली, तर तसं जुळलं की पडद्यावर ओळ उमटायची...

"सगळं जसंच्या तसं. चहाला वेळ नाही."

ऑफिसातल्यांनी शिव्या घातल्या असतील त्याला!

हेच त्याचं घरी. भाचसून लवकर सुटायची, पोरीसाठी. पोरगी म्हणजे आमची भिंगरी. पायाला चाकं लावल्यासारखी फिरायची, म्हणून भिंगरी. दिवे लागले की लंबू यायचा. किल्ली काचेच्या वाडग्यात पडायची. खण्ण. बॅग भिंतीशी. मग खुर्ची ओढून बूट काढायचा. तोवर भिंगरी दारापाशी येऊन उभी असायची. तो न वाकता नुसता हात सोडायचा, आणि तो बरोब्बर तिच्या डोक्यावर पडायचा.

"सगळं जसंच्या तसं?" तो विचारायचा.

"जसंच्या तसं!" भिंगरी ओरडायची.

भाचसून त्या वेळी ओट्याशी असायची, दाराकडे पाठ करून. भाजी चिरत. मागे वळून बघायचीसुद्धा नाही. रोजचंच तर होतं. रोज येणाऱ्या माणसाकडे कोण वळून बघतं?

एका दुपारी ऑफिसात त्याने बिल्ड लावली. शेजारच्याला म्हणाला, "होईपर्यंत जरा डोळे मिटतो."

बिल्ड झाली.

तो उठला नाही.

भाचसून पलीकडच्याच टेबलावर होती. तिला वाटलं, दमलाय, झोपू दे. कुणीतरी मोठ्याने हसलं तर तिने त्याला गप्प केलं. हळू बोला म्हणाली... त्याची झोप मोडेल.

हृदय कधीच बंद पडलं होतं.

काही दिवसांनी ती कामाला जायला लागली. घरी बसलं की भिंती खायला उठत होत्या. ऑफिसात बिल्ड लावली की पडद्यावर त्याची ओळ यायची. दर वेळी. ती ओळीला हात लावायची, काचेवरून.

आणि मग ती संध्याकाळ आली.

ती ओट्याशी होती. भिंगरी जमिनीवर चित्र काढत होती. खाली दुकानात इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला. रस्त्यावरचे दिवे लागले.

आणि...

खण्ण.

तिच्या हातातली सुरी तशीच राहिली.

दार बंद होतं. कडी आतून. वाडगा रिकामा होता, तिने स्वतः सकाळी पाहिला होता.

मग भिंतीशी काहीतरी टेकल्याचा आवाज. मऊ. जड.

मग खुर्ची ओढल्याचा.

तिला वळायचं होतं. मान वळेना. मागे भिंगरीची पावलं ऐकू आली, पळत दाराकडे जाणारी.

मग काहीच नाही. कुणीतरी उत्तराची वाट बघत असावं, तशी शांतता...

"जसंच्या तसं," भिंगरी हळूच म्हणाली.

आणि खोलीने श्वास सोडला. ती मला याच शब्दांत म्हणाली. मावशी, खोलीने श्वास सोडला.

ती वळली तेव्हा दारात पोर एकटीच. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू. डोक्यावरचे केस दाबल्यासारखे चपटे. पाच बोटं मोजता आली असती त्यात.

"आई, बाबांनी हात ठेवला."

दुसरी कुणी असती तर पोर उचलून माहेर गाठलं असतं. ही ओट्याशी खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. भीतीने नाही. सुखाने.

तो रोज यायला लागला.

किल्ली. बॅग. खुर्ची. हात.

ती रोज पाठ करूनच उभी राहायची. आपण वळलो तर मोडेल असं तिला वाटायचं. तो जिवंत असताना जशी उभी राहायची, तशीच. नवरा रोज घरी येतो आणि बाई भिंतीकडे बघत भाजी चिरते! मी असते तर... जाऊ दे. मी असते तरी तेच केलं असतं.

मग एक दिवस धुणंभांडी करणाऱ्या बाईने केर काढताना खुर्ची सरकवली.

संध्याकाळी किल्ली वाजली. बॅग टेकली.

खुर्ची...

नाही वाजली.

भाचसुनेने खुर्ची पुन्हा जागेवर ठेवली. फरशीवर पायांचे डाग होते, त्यावर बरोब्बर. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. तरी नाही. खुर्ची पुन्हा कधीच वाजली नाही.

पुढे वाडगा पुसताना तिच्याच हातून जरासा हलला. आणि किल्लीचा आवाजही गेला.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लगेच मला फोन केला.

"मावशी, तो जुन्यातून उचलतोय."

"काय उचलतोय?"

"जे हललं नाही ते. ते तो तसंच उचलतो. ज्याला हात लागला, ते नव्याने बनवावं लागतं. परत जागेवर ठेवलं तरी नाही चालत, तारीख बदलली ना त्याची. आणि बनवणारा..."

त्या दिवसापासून तिने घराला हात लावू दिला नाही. धुणंभांड्याची बाई बंद. खिडक्या बंद, पडदा हलेल म्हणून. आतला दिवा गेला तर गेलाच. बॅग जिथे टेकायची त्या भिंतीजवळून दोघी मायलेकी अंग चोरून जायच्या.

बॅग आणि हात, दोनच तर राहिले होते तिच्याकडे.

असं जवळजवळ वर्ष सरलं. मला राहवेना. एक दिवस न सांगता जाऊन थडकले. भिंगरीसाठी स्वेटर विणून नेला होता, चांगला घळघळीत.

भाचसुनेने तो अंगाला लावून बघितला. "मावशी, मोठा होतोय हिला."

"मग? पोर काय एवढीच राहणारे? वाढेल की!"

तिचा चेहरा असा उतरला, जणू मी शिवी दिली.

"नाही," ती म्हणाली. "तिने नाही वाढायचं."

मग मी नीट पाहिलं पोरीकडे. गेल्या वर्षीचाच फ्रॉक, काखेत उसवलेला. केस कापलेले, तेवढेच. दर रविवारी टेपने मोजून कापायची म्हणे. बूटही तेच. मी पोरीचा पाय मांडीवर घेतला, बूट ओढला, तर निघता निघेना. निघाला तेव्हा अंगठ्याचं नख काळंनिळं.

"दुखत नाही का गं?"

"घरात घातल्यावर नाही दुखत," भिंगरी म्हणाली. "घरात आम्ही चालतोच कुठे?"

ही भिंगरी! पायाला चाकं असलेली!

मी तोंड उघडणार तेवढ्यात भाचसून म्हणाली, "मावशी, वेळ झाली. तुम्ही आत बसा. हलू नका. बघू नका."

आत बसले मी. पण बघू नका म्हटल्यावर न बघणारी मी नव्हे. दार जरासं किलकिलं होतं, फटीला डोळा लावला.

भाचसून ओट्याशी. पाठ वळवून.

भिंगरी दारापाशी.

रस्त्यावरचे दिवे लागले.

भिंतीशी बॅग टेकली. दिसलं काहीच नाही, पण टेकली.

आणि मग पोरीने जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तिने गुडघे वाकवले.

हळूच, सवयीने. अधांतरी खुर्चीवर बसल्यासारखी खाली गेली आणि तशीच थांबली. मांड्या थरथरत होत्या. ओठ दाताखाली.

मग डोक्यावरचे केस दबले.

"जसंच्या तसं," ती म्हणाली. दात आवळून.

नंतर मी तिला आत ओढलं, मांडीवर घेतलं. "का गं वाकतेस?"

"बाबांचा हात आता डोळ्यांवर येतो," ती म्हणाली. "मग ते चाचपडतात. त्यांना कळत नाही मी कोण ते. म्हणून मी वाकते."

"आईला सांगितलंस?"

"आई बघत नाही ना. आईने बघायचं नसतं."

दारात भाचसून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

सकाळी भिंगरीला घेऊन बाजारात गेली आणि नवे बूट घेऊन आली. मोठे. स्वेटर घातला पोरीला, बाह्या दुमडून. दिवसभर खुर्चीत बसून होती. संध्याकाळ झाली तेव्हा उठली, ओट्याकडे गेली नाही. दारासमोर आली, भिंगरीच्या बाजूला. दाराकडे तोंड करून.

वर्षभरात पहिल्यांदा.

"सरळ उभी राहा," ती लेकीला म्हणाली.

"पण आई, मग बाबा..."

"सरळ उभी राहा, बाळा. बाबांना कळेल. आपलं माणूस कळतंच."

मी आतल्या दारात. या वेळी मला कुणी हटकलं नाही.

दिवे लागले.

बॅग टेकली.

भिंगरी ताठ उभी होती. मुठी वळलेल्या.

आधी तिच्या कपाळावरचे केस हलले. मग पापण्या मिटल्या, आपोआप, कुणी बोटं फिरवल्यासारख्या. नाकाचा शेंडा दबला. गाल दबला. आंधळा माणूस चाचपतो ना, तसं...

"बाबा, मीच आहे," ती म्हणाली.

गाल सुटला.

"अरे, वाढली ती," भाचसून म्हणाली. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत. गोड हसायचा प्रयत्न करत होती. "बघ ना. तुझ्यावर गेली आहे, लांबच्या लांब. सगळं बदललं रे... पण आम्हीच आहोत."

मग टेबलावरची चादर उचलली गेली. कोपरा तेवढाच. खाली कुणीतरी वाकून बघत होतं.

भिंगरी लहान असताना तिथे लपायची.

भाचसून हसली. खरंच हसली. "खेळतोय," ती म्हणाली. "मावशी, बघा, लपाछपी खेळतोय!"

पडदा बाजूला झाला. आत आला तो, माझ्या अंगावरून गार झुळूक गेली. पलंग करकरला. कपाटाचं दार उघडलं. दुसरं उघडलं. पुन्हा पहिलं.

हसू ओसरलं तिचं.

हा खेळ नव्हता. बाजारात लेकराचा हात सुटलेला बाप बघितलाय कधी? तशी घाई होती ती. पलंगाखाली, पडद्यामागे, पुन्हा टेबलाखाली...

"बाबा! मी इथे आहे! बाबा!" भिंगरी खोलीभर धावत होती, हवेला हात मारत. "इथे बघा ना!"

तो तिच्या बाजूने दोनदा गेला. तिचा स्वेटर हलला दोन्ही वेळा.

मग दाराची कडी निघाली. दार उघडलं.

जिन्यात पावलं वाजली. उंच माणसाची, दोन-दोन पायऱ्या एकदम उतरणारी. खाली, खाली... रस्त्यावर.

भाचसून मागे धावली. खालच्या दुकानापर्यंत अनवाणी गेली. रस्त्यावर नेहमीची गर्दी होती. नेहमीची माणसं.

त्यानंतर तो घरी आला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने बिल्ड लावली. ओळ आली नाही. एकेक करत हजारो तुकडे पहिल्यापासून बनायला लागले. साहेब ओरडला, सेटिंगला हात कुणी लावला? कुणीच नाही. जुनी आणि नवी शेजारी ठेवून पाहिली, एक अक्षर वेगळं नव्हतं. कारण आजवर सापडलेलं नाही. लोक चहाला गेले. ती एकटी पडद्यासमोर बसून राहिली, संध्याकाळपर्यंत.

आता घर हलतं. खिडक्या उघड्या असतात. भिंगरी दिवसभर धडपडते, वस्तू फोडते, ओरडा खाते. भाचसून जेवते नीट. "मावशी, तो सुटला," म्हणते मला. "आम्हीच धरून ठेवलं होतं त्याला. आता सुटला."

मी हो म्हणते.

पण खालच्या दुकानदाराने मला एक विचारलं होतं. तिला नाही विचारलं, मला विचारलं.

"आजी, संध्याकाळी इथून लहान पोरं जातात ना... त्यातलं एखादं मधेच थांबतं. केस बसतात डोक्यावर, दाबल्यासारखे. क्षणभरच. वारा नसतो हो. हा काय प्रकार आहे?"

"केवढी पोरं?"

त्याने कमरेपाशी हात धरला. "एवढीच. मोठ्यांना काही होत नाही."

मी तिला सांगितलं नाही. कसं सांगू?

दिवेलागणीला तो रस्ता टाळतेच मी. काल जावं लागलं. पुढे एक बाई चालली होती, बोटाला धरलेली छोटी मुलगी.

मुलगी थांबली.

केस दबले...

"चल गं, काय थांबतेस सारखी!" आई तिला ओढत म्हणाली.

मला राहवलं नाही. भर रस्त्यात मोठ्याने म्हणाले, "लंबू, ही नाही रे ती! ती वर आहे, घरी आहे. मोठी झाली रे ती!"

बाई माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली.

केस सुटले.

आणि माझ्या खांद्याला घासून कुणीतरी गेलं. थांबलं नाही. घाईघाईने पुढे, गर्दीत.

मावशीलाही ओळखलं नाही त्याने... तो गेल्यापासून मीही बरीच वाकलेय ना.